मंगळूरला जायचा सीझन

मंगळूरला जायचं तर चांगल्या सीझनला जायचं, असं परशरामने ठरवलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. या दोन वर्षांत सगळे सीझन दोन-दोनदा आले आणि गेले. परशराम बेळगावच्या खासबागेतच राहिला.

त्याची लेक रूपाली तिकडे एका बँकेत लागली होती. पहिल्याच महिन्यात तिने आईला फोन केला. "आई, आप्पांना घेऊन ये की. खोली मोठी हाय, गच्चीवरनं समुद्र दिसतोय." सुवर्णाने फोन तसाच कानाला धरून ही बातमी नवऱ्याला सांगितली. परशराम तेव्हा मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता. बाहेरच्या खोलीत चार यंत्रमाग चालू असले की त्या घरात बोलणं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. तो बायकोच्या ओठांकडे बघत राहिला आणि ओरडून म्हणाला, "जाऊया की! चांगला सीझन बघून जाऊया!"

सुवर्णाला हे उत्तर आवडलं. नुसतं 'बघू' म्हणाला असता तर तिने विषय तिथेच गुंडाळून ठेवला असता, कारण 'बघू'चा अर्थ लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिला कळला होता. पण सीझन म्हणजे विचार आला. आता फक्त तो सीझन कुठला एवढं शोधून काढायचं. आणि चौकशीचा तर सुवर्णाला मुळातच नाद. ती बाजारात शेवग्याची शेंग घेताना झाड कुणाच्या परड्यात आहे तेसुद्धा विचारून घ्यायची.

गल्लीत परगावचं ज्ञान समोरच्या मष्णूकडे होतं. तो सरकारी बसमध्ये कंडक्टर होऊन रिटायर झालेला माणूस. कारवारपासून मंगळूरपर्यंत किनाऱ्यावरचं एकेक शहर त्याने बघितलं होतं, म्हणजे त्या शहराचा बसस्टँड बघितला होता.

"डिसेंबर, वैनी," मष्णू कट्ट्यावर बसल्या बसल्या म्हणाला. "डिसेंबर न्हायतर जाऊच नका."

"डिसेंबरात काय असतंय तिथं?"

"वारं सुटतंय. स्टँडच्या मागच्या बाजूनं."

सुवर्णाने डिसेंबर घरी नेला. परशरामने तो जागच्या जागी परत केला. "डिसेंबरात? आणि लगनाच्या साड्या कोण विणणार? समुद्र?"

मग तिने रूपालीलाच विचारलं. रूपाली म्हणाली, पावसाळ्यात ये, इथला पाऊस बघण्यासारखा असतो. परशराम म्हणाला, "पाऊस बघायला मंगळूर कशाला? कणकुंबीला जा. सकाळच्या बसनं गेलीस तर संध्याकाळी भिजून परत." शिवाय पावसाळ्यात गौरी-गणपतीच्या ऑर्डरी असतात. दसऱ्याला तिकडे फार रोषणाई करतात असं शेजारच्या शालूबाईंनी टीव्हीवर बघितलं होतं. पण खंडेनवमीला मागाची पूजा सोडून विणकर परगावी गेला असं अजून तरी कुणी ऐकलं नव्हतं. पितृपंधरवड्यात बाजार थंड असतो, तेव्हा जाऊया, असं सुवर्णाने मोठ्या हुशारीने सुचवलं. परशरामने तिच्याकडे असं बघितलं की तीच ओशाळली.

"पितरं घरी जेवायला येणार, आणि आपण मंगळूरला?"

राहता राहिला उन्हाळा. त्याचं तर कुणी नावच काढत नव्हतं. "मे महिन्यात मंगळूर म्हणजे इडलीच्या भांड्यात बसल्यागत," मष्णूने सांगून टाकलं होतं. "वर झाकण लावतात, वैनी. खरं सांगतो."

अशी सगळी बारा महिन्यांची विल्हेवाट लागल्यावर सुवर्णाच्या लक्षात आलं की अडचण महिन्यात नाहीच. अडचण दाराच्या कडीत होती.

परशरामच्या घराण्यात एक रीत होती. मागावर ताणा चढलेला असताना घराला कुलूप घालायचं नाही. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. ते बीमावर, म्हणजे एका जाड लोखंडी रुळावर गुंडाळून येतात, आणि एका बीमात महिना-दीड महिन्याच्या साड्या निघतात. बीम संपला की रूळ उघडा पडतो, नवा बीम येऊन त्याचे धागे जोडेपर्यंत माग मोकळा असतो. त्या मोकळ्या वेळात कुलूप घालायला हरकत नाही. पण माग चार, आणि चारही वेगवेगळ्या दिवशी भरलेले. एका चुलीवरच्या चार जावांसारखं त्यांचं चालायचं. एकीचं आवरलं की दुसरीचं नुकतंच मांडलेलं. त्यामुळे घर कधीच मोकळं होत नसे आणि कुलूप कधीच लागत नसे. लग्नकार्याला, मयताला, देवाला एकाने जायचं आणि एकाने राहायचं. सुवर्णाच्या धाकट्या भावाचं निपाणीत लग्न झालं तेव्हा परशराम अक्षतांना आला, पंगतीत जेवला आणि हात पुसलेला रुमाल वाळायच्या आत परत खासबागेत पोचला. लग्न झाल्यापासून ही दोघं एकत्र एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिली नव्हती. याचं परशरामला काही वाटत नव्हतं. सुवर्णालाही फार वाटत होतं अशातला भाग नाही. पण आपण दोघं दुसऱ्या गावात कशी दिसू, काय बोलू, याची तिला उत्सुकता होती. इतकी वर्षं वापरलेल्या माणसाची अजून एक बाजू बघायची राहून गेली आहे, असं तिला अधूनमधून वाटायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला रूपालीचा फोन आला. "आई, माझी बदली व्हायलाय. मे महिन्याअखेरीस खोली सोडायची. विजापूर दिलंय."

"विजापूरला समुद्र हाय?"

"न्हाय गं. घुमट हाय."

सुवर्णा फोन ठेवून बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे आता निवडायला सीझन उरलाच नव्हता. जो सगळ्यांनी टाकून दिला होता तोच एक शिल्लक होता. मे महिन्यात जायचं, नाहीतर लेकीच्या गच्चीवरनं समुद्र दिसतोय हे ऐकूनच समाधान मानायचं. तिने त्या दिवसापासून सीझनची चौकशी बंद केली आणि बीमांची सुरू केली.

परिस्थिती वाटली होती तितकी वाईट नव्हती. एक, दोन आणि तीन नंबरचे माग योगायोगाने जवळजवळ बरोबरीने चालले होते. मेच्या मध्याला ते तिन्ही संपतील असं बीमाच्या जाडीवरनं दिसत होतं. घोटाळा चार नंबरचा होता. तो परशरामच्या वडिलांच्या हातचा माग, चालीला मंद, आणि त्याचा बीम अजून गरोदर बाईसारखा भरलेला. पुढचे तिन्ही संपून मोकळे होतील तेव्हा हा मागे रखडणार. मग परशराम त्या तिघांवर नवे बीम चढवणार आणि गाडं पुन्हा सुरू.

चार नंबरला पळवणं सुवर्णाच्या हातात नव्हतं. पण बाकीच्या तिघांना त्याच्यासाठी रेंगाळत ठेवणं होतं. कारण कांड्या तिच्याकडे होत्या. धोट्यातून आडवा धागा जातो तो कांडीवर भरलेला असतो, आणि कांडी संपली की माग थांबवून नवी घालावी लागते. कांड्या भरायचं काम या घरात पहिल्यापासून सुवर्णाचं. दुसऱ्या दिवसापासून तिने एक, दोन, तीनच्या कांड्या निम्म्याच भरायला सुरुवात केली. वरनं नीट गोल दिसायच्या, आत पोकळ. कांड्या लवकर संपायला लागल्या, माग सारखे थांबायला लागले.

"सूत हलकं आलंय," परशराम करवादला. "कांडी घाल म्हणता संपायला लागलीय."

"आजकाल कशातच काय राहिलं न्हाय," सुवर्णा म्हणाली आणि भाकरी परतली.

चार नंबरकडे ती बघतही नव्हती. तो मागे आहे हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, त्यात बघायचं काय?

एप्रिल तापला. बेळगावचा उन्हाळा माणसाला तसा बरा, पण सुताला वाईट. हवा कोरडी पडते, धागा कडक होतो आणि तटातट तुटतो. परशराम सकाळी उठून जमिनीवर पाणी मारायचा, खिडक्यांना गोणपाटं भिजवून टांगायचा. दुपारपर्यंत ती खडखडीत वाळायची, की पुन्हा भिजवायची. एका संध्याकाळी तो अशीच पोती पिळत असताना रूपालीचा फोन आला. सुवर्णाने स्पीकर लावला.

"आई, तू येणार असलीस तर मी तुला खरं सांगायलोय," रूपाली म्हणाली. खासबागेतल्या पोरी आपल्याविषयी पोरांसारखंच बोलतात, बँकेत लागल्यावरही. "इथं लई दमट हाय. मीठ डब्यात पाणी होतंय. पापड तळून ताटात घेईपर्यंत मऊ पडतोय."

परशरामने हातातलं पोतं बादलीत सोडलं. मग तो गेला आणि चारही माग बंद करून आला. घरात एकदम इतकी शांतता झाली की बाहेरून मष्णूने विचारलं, "करंट गेला का रं?"

"सूत कसं असतंय तिथं?" परशरामने फोनला तोंड लावून विचारलं.

"सूत?"

"तुझी सुती ओढणी असंल न्हवं? हातात घेतलीस तर कशी लागतीय?"

"आप्पा, ओढणी वाळतच न्हाय! दोन-दोन दिवस दोरीवर असती."

"वाळतच न्हाय," परशराम म्हणाला. एखाद्याला शेजारच्या गावात सोनं सापडलं असं कळावं तसा त्याचा चेहरा झाला होता. "आणि हे कंच्या महिन्यात सगळ्यात जास्ती?"

"मे. मेमध्ये तर जीव जातोय."

"अस्सं," परशराम म्हणाला, आणि पुन्हा माग सुरू करायला गेला. सुवर्णाने ते 'अस्सं' नकारात धरलं. मे महिना आता कायमचा गेला असं समजून तिने कांड्या आणखी थोड्या पोकळ भरल्या. पोकळ कांड्यांनी नवऱ्याचं मन कसं वळणार होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. पण आधी कुलपाची वाट तर मोकळी होऊ दे, मनाचं नंतर बघू, असा तिचा हिशेब.

मे उजाडला. बचत गटाचे पापड लाटायला सुवर्णा दुपारी वडगावला जायची, ती उन्हं उतरल्यावर परत यायची. या दिवसांत परशराम तिला थोडा ओढलेला दिसायला लागला. डोळे तांबारलेले, जेवताना जांभया. दुपारची झोप ही त्याची आयुष्यातली एकमेव चैन होती. ती घेऊनही हा माणूस असा का दिसतो, या विचाराने तिने त्याला नाचणीची आंबील सुरू केली. तो निमूटपणे प्यायला.

रूपालीचं सामान पंचवीस तारखेच्या आसपास हलणार होतं. त्याच्या आठवडाभर आधी सुवर्णा सकाळी झाडू मारत मारत चार नंबरच्या मागाशी आली आणि वाकलेली तशीच राहिली. बीमाचं लोखंड दिसत होतं. धाग्यांच्या एका पातळ थरातून ते चमकत होतं. आजच्या दिवसात हा बीम संपणार होता. तिने मान वळवून बाकीच्या तिघांकडे बघितलं. ते तिघं भरल्या पोटाने बसले होते.

परशराम दात घासत आत आला.

"हे कसं संपलं?" सुवर्णाने विचारलं.

"विणलं म्हणून संपलं."

"ते मलाबी कळतंय. कवा विणलं?"

परशरामने चूळ भरायला तोंड बाहेर काढलं ते बराच वेळ आत आणलं नाही. उत्तर शेजारून आलं. शालूबाई आपल्या दारात दातवण लावत बसल्या होत्या. त्या परशरामच्या आत्या, आणि या वयात त्यांना झोप नव्हती, पण कान होते.

"दुपारचं विणतोय की," शालूबाई म्हणाल्या. "तू वडगावला गेलीस की चार नंबर सुरू. त्याचा ठेका मला ठावा हाय, माझ्या भावाचा माग हाय तो. तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

"कांड्या कुणी भरल्या?"

"माझ्या मीच," परशराम आत येत म्हणाला. "तुझ्यागत भरायला येत न्हाईत मला. पण भरल्या." आणि मग त्याची नजर बाकीच्या मागांवर गेली. त्याने तीन नंबरच्या बीमावर तळहात ठेवला, एखाद्याचा ताप बघावा तसा. "हे का संपलं न्हाईत? आतापर्यंत संपायला पायजे हुतं."

सुवर्णाने टोपलीतली एक कांडी उचलून त्याच्या हातात दिली. त्याने ती दाबली. ती आत गेली.

"म्हणजे सूत हलकं न्हवतं," तो म्हणाला.

"सूत बरं हुतं."

"कशापायी केलंस हे?"

"चार नंबर मागं हुता. म्हटलं, तिघांना थांबवावं, म्हणजे सगळे एकदम मोकळे हुतील."

"आणि मी म्हटलं, चारला पळवावा. म्हणजे तिघांबरोबर संपंल."

दोघंही कांडीकडे बघत राहिली. दोघांनीही चार माग एका दिवशी संपवायचे म्हणून महिनाभर कष्ट केले होते, आणि दोघांचे कष्ट एकत्र होऊन आता चार नंबर पुढे आणि तिघं मागे अशी नवी व्यवस्था तयार झाली होती. दोघांपैकी एकजण जरी गप्प बसलं असतं, तरी चारही माग बरोबरीने संपले असते.

"तुम्हाला जायचं हुतं?" सुवर्णाने विचारलं.

"जायचं म्हणजे," परशराम म्हणाला, आणि त्याने कारण नसताना चार नंबरवरची धूळ पुसली. "ती हवा बघायची हुती."

"हवा बघायची?"

"हितं जन्मभर पोती भिजवत आलो. धागा तुटतोय, जोडतोय, तुटतोय, जोडतोय. आणि तिथं म्हणे ओढणी वाळत न्हाय. तसल्या हवेत सूत कसं वागत असंल? मेमध्ये तर सगळ्यात जास्ती म्हणाली. म्हटलं, जायचं तर त्याच सीझनला. एकदा बघून तरी येऊ."

"मग मला सांगायला काय झालतं?"

"तू पण कुठं सांगितलीस?"

तिन्ही बीम संपायला कितीही घाई केली तरी पंधरा दिवस सहज लागले असते, आणि रूपालीच्या खोलीची किल्ली पुढच्या आठवड्यात मालकाच्या हातात जाणार होती. परशरामने नेहमीचा तोडगा काढला. "तू जा. मी राहतो हितं."

सुवर्णाने यावर रडणं, चिडणं किंवा माहेरचा उल्लेख करणं यातलं काही केलं नाही. तिला एक प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की तिला दुसरं काही सुचत नसे.

"हे कुलपाचं कुणी सांगितलंय हो?"

"आप्पांनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या आप्पांनी. रीत हाय ती."

"आणि त्यांना?"

परशराम आठवायला लागला. त्याने उगाच वर छताकडे बघितलं. ताणा म्हणजे देवीचा केशसंभार, तो एकटा कोंडून जायचं नाही, असं काहीतरी लहानपणी ऐकल्यासारखं त्याला वाटत होतं. पण ते नक्की ऐकलं होतं की आत्ताच सुचलं, हे त्याचं त्यालाही कळेना.

"मालकानं," शालूबाई दारातून म्हणाल्या.

"कंचा मालक?"

"शहापूरचा, सूत देणारा. तवा सूत आपलं कुठं हुतं? मालक ताणा द्यायचा, आपण विणून साडी द्यायची. मालकाला भ्या. सूत घेऊन विणकर पळाला तर? म्हणून सांगून ठेवलंतं, मागावर माझा ताणा असताना दाराला कुलूप दिसलं तर दुसऱ्या दिवशी ताणा काढून नेईन. त्याचा माणूस रोज गल्लीतनं फेरी मारायचा, कुलपं बघत. माझा आजा लई भ्यायचा त्याला."

"मग देवीचं?" परशरामने विचारलं.

"देवीचं कशाला? देवीला कुलपाचं काय पडलंय?" शालूबाई दातवण बाजूला ठेवून म्हणाल्या. "मालकाचं नाव पोरांना सांगायला बरं वाटत न्हवतं आज्याला. म्हणून म्हणायचा, रीत हाय."

परशराम पायरीवर बसला. मालक गेला त्याला पन्नास वर्षं झाली असतील. त्याची पेढी मोडली होती, त्या जागी आता मोबाईलची दुकानं होती, सूत परशरामचं स्वतःचं होतं, आणि तरीही तीन पिढ्या घरातलं एक माणूस मालकाच्या माणसाला दार उघडं दिसावं म्हणून मागे राहत आलं होतं.

"तरीबी," तो म्हणाला, "आप्पांनी सांगितलंय. मोडवत न्हाय."

"मोडू नका," सुवर्णा म्हणाली. "आप्पांनी काय सांगितलंय? कुलूप घालायचं न्हाय. न घालताच जाऊया."

"म्हणजे? घर उघडं टाकून?"

"उघडं कशाला? दार ओढून घेऊया. कुलूप तेवढं घालायचं न्हाय."

परशरामने याच्यात खोट शोधायचा प्रयत्न केला. पळवाट इतकी सरळ होती की तिला पळवाट म्हणवत नव्हतं. रीत पूर्णपणे पाळली जात होती. मालकाचा माणूस आज फेरीला आला असता तर त्यालाही तक्रारीला जागा नव्हती.

"चोर आला तर?"

"मष्णूभावजी दिवसभर कट्ट्यावरच असतात."

"मी हाय की!" मष्णू समोरून ओरडला. तो सकाळपासून सगळं ऐकत होता आणि आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत होता. "तुम्ही बिनघोर जावा. पण मी पुन्हा एकदा सांगायलोय. मे महिना हाय. पश्चात्ताप हुईल."

दोन दिवसांनी परशराम आणि सुवर्णा दार नुसतं ओढून घेऊन निघाली. परशराम गल्लीच्या टोकापर्यंत चार वेळा मागे वळला. सुवर्णा एकदाच वळली, तेव्हा शालूबाई उशी काखेत मारून परशरामच्या दारातून आत जात होत्या. माग बंद असल्याने त्यांना तिथे झोप लागेल अशी आशा होती.

मंगळूरबद्दल मष्णूने सांगितलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं. स्टँडवर उतरल्या उतरल्या सुवर्णाचं पोलकं पाठीला चिकटलं ते चिकटलंच. रूपालीच्या गच्चीवरनं समुद्र खरंच दिसत होता, दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून, हातभर. परशरामला मात्र त्याचं कौतुक करायला सवड नव्हती. त्याने सदऱ्याच्या खिशातून सुताची कांडी काढली, धाग्याचं एक टोक कठड्याला बांधलं आणि ओढलं. मग जरा जोरात ओढलं. मग दोन्ही हातांनी. धागा तुटला नाही. रूपालीने आईकडे बघितलं. आईने तिला हाताने गप्प राहायची खूण केली.

"बघ," परशराम शेवटी म्हणाला. "बघ कसं वागायलंय. जणू तेल लावलंय."

"आता समाधान झालं?" सुवर्णाने विचारलं.

"समाधान न्हाय, राग येतोय. ही हवा इथं फुकट पडलीय आणि इथली माणसं पंखे लावून तिला हाकलायलेत."

संध्याकाळी रूपाली त्यांना समुद्रावर घेऊन गेली. सगळं शहर घाम पुसत वाळूत येऊन बसलं होतं. सुवर्णा पदर खोचून पाण्यात शिरली, घोट्यापर्यंत, मग आणखी थोडी. पाणी कोमट होतं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं समुद्र गार असतो. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून न्यायची आणि ती दर वेळी थोडी खाली जायची, तेही कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तिने एवढी चौकशी केली, पण सगळी सीझनचीच केली होती.

"सुवर्णा! पाणी खारट हाय गं!" परशराम शेजारून ओरडला. शेंगदाणे विकणारा, त्याचं गिऱ्हाईक आणि एक कुत्रं अशा तिघांनी वळून बघितलं.

"हळू बोला. हितं माग न्हाईत."

परशरामने आवाज खाली आणला. "खारट हाय," तो पुन्हा म्हणाला. त्याचा खालच्या पट्टीतला आवाज थोडा घोगरा होता. सुवर्णाने तो नीट ऐकून घेतला आणि मग मुद्दाम विचारलं, "काय म्हणालाव?"

"खारट हाय."

"आणि?"

"आणि काय? कोमट हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मष्णू होता. त्याने आधी सांगितलं की दार जागेवर आहे. मग सांगितलं की शालूबाईंना तिथे झोप लागत नाही, चार नंबरचा ठेका नाही म्हणून. मग मुख्य गोष्टीवर आला.

"सीझन कसा हाय?"

"लई वाईट," परशराम म्हणाला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावरून घाम ओघळून थेट डोळ्यांत. "सदरा पिळला तर बादली भरंल. तू म्हणालास ते खरं हाय गड्या. मे महिन्यात हितं माणसानं येऊ नये."

"मी सांगितलं न्हवतं? मग निघा की. उद्या संध्याकाळची बस पकडा, परवा सकाळी चहाला घरी."

परशरामने फोन कानापासून थोडा लांब धरला आणि सुवर्णाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. एक मोठी लाट लांबून येत होती आणि ती आपल्यापर्यंत पोचते की मधेच मोडते, हे ती डोळे बारीक करून बघत होती.

"उद्या न्हाय जमत," तो फोनमध्ये म्हणाला, खालच्या आवाजात. "पोरीचं सामान बांधायचं हाय. शनिवारपर्यंत तरी राहावंच लागंल."